बाटलीचा नंबर

मित्रांनो, आमच्या शाळेत येऊन कुणालाही विचारा, "पाणी कुठे आहे?" तो धावता धावताच हात लांब करून इमारतीच्या मागची भिंत दाखवील. त्या भिंतीवर, गुडघ्याएवढ्या सिमेंटच्या कठड्याच्या वर, एक पितळी नळ आहे. अंगाने काळा पडलेला, पण मूठ मात्र हजारो हातांनी घासून पिवळीधमक झालेली. तो मी. माझं वय विचारू नका. अंगावर एक साल कोरलेलं होतं, ते मुलांच्या ओल्या बोटांनी केव्हाच पुसून टाकलं.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात वितळलेलं पितळ ओतलं आणि मी झालो. जन्मलो तेव्हा इतका तापलेला होतो, की कुणी जवळसुद्धा घेतलं नाही. निवल्यावर कानशीने माझ्या कडा घासल्या, लेथवर आटे पाडले, आणि मग एका कारागिराने मला तोंडाला लावून फू केली. कुठून हवा निसटते का, ते तो बघत होता. नाही निसटली. त्याने मान डोलावली आणि मला टोपलीत टाकलं. माझं बारसं म्हणायचं तर एवढंच.

पहिली नोकरी मी एका खानावळीच्या मोरीत केली. सकाळपासून रात्रीपर्यंत भांडी. तिथे घासणाऱ्या दोन बायका होत्या, सख्ख्या जावा. त्या एकमेकींशी बोलत नसत. जे काही सांगायचं ते माझ्याकडे बघून मोठ्याने सांगत. "कुणीतरी ताटं नीट विसळावीत म्हणावं!" की दुसरी मला म्हणे, "कुणीतरी आधी आपली पातेली बघावीत!" दोघींचं भांडण अंगावर घेत घेत माझी उमेदीची वर्षं गेली. पुढे रस्ता रुंद करायचा म्हणून ती इमारत पाडली. मी भंगाराच्या ढिगात जाऊन पडलो. तिथून एका प्लंबरकाकांनी मला उचललं, आटे बोटाने चाचपले आणि म्हणाले, "ह्याला काय धाड भरलीय? अजून दोन पिढ्यांना पाणी पाजील."

असा मी शाळेत आलो.

सुरुवातीला ह्या भिंतीवर आम्ही तिघं होतो. काय दिवस होते ते! चित्रकलेच्या तासानंतर आमच्याखालचं पाणी कधी निळं व्हायचं, कधी जांभळं. कुणी तोंड लावून प्यायचं, कुणी तोटीवर बोट दाबून मित्राला भिजवायचं. एकदा एका मुलीचा पडलेला दात हातातून निसटून मोरीत गेला, तर सगळा वर्ग पालथा पडून तो शोधत होता. तपासणीला साहेब यायचे, त्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या मावशी आम्हा तिघांना लिंबाने घासून लखलखीत करायच्या. साहेब म्हणायचे, "व्वा, पाण्याची सोय उत्तम आहे." आम्ही नुसते चमकत राहायचो.

मग माझ्या डावीकडच्याची मूठ तुटली. उजवीकडच्याचे आटे गेले. दोघांच्या जागी लोखंडी बुचं बसली. माझाही वायसर झिजला आणि मी ठिबकू लागलो. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दर वर्षी म्हणायच्या, "पुढच्या वर्षी बघू." तोवर मावशींनी माझ्या गळ्याला एक चिंधी बांधली. ती हिरवी पडली तरी कुणी बदलली नाही. एवढ्या मोठ्या शाळेला मी एकटा उरलो, आणि त्यामुळे मधल्या सुट्टीत माझ्यासमोर लांबच लांब रांग लागू लागली.

रांग आली की नियम आला. नियम सोपा होता: जो उभा, त्याचा नंबर. मध्ये कुठे जाऊन आलात, तर पुन्हा शेवटी. रांगेवर लक्ष ठेवायला चौथीचा एक मॉनिटर होता. सडपातळ, कान मोठे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. मुलं त्याला 'इन्स्पेक्टर' म्हणायची, आणि त्याला ते मनातून आवडायचं. त्याच्याकडे आणखी एक काम होतं. अंगणात कुणाची टोपी, डबा, रुमाल असं काही बेवारस पडलेलं दिसलं, की उचलून ऑफिसच्या दारातल्या पेटीत टाकायचं. हे काम तो अगदी जीव ओतून करी.

अशा शाळेत एक दिवस ती दोघं आली.

मुलगी नऊ-दहा वर्षांची असेल. कोपरं टोकदार, केस आईने घाईत कापलेले. भाऊ पाच-सहाचा, तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरलेला. त्याच्या पायांत बूट होते, पण उजव्यात डावा आणि डाव्यात उजवा. त्यांच्या देशात लढाई चालू होती, एवढं मावशींच्या बोलण्यातून मला कळलं. आधी ती मंडळी कुठल्याशा सीमेवरच्या छावणीत राहिली, तंबूत, बराच काळ. मग इकडे आली. वडील अजून यायचे होते. आईला चादरी धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीचं काम लागलं होतं.

मुलीच्या गळ्यात दोरीने बांधलेली एक प्लॅस्टिकची बाटली असायची. वर्गात, अंगणात, झोपाळ्यावर, कुठेही. दोन दिवसांत तिचं नाव पडलं 'बाटली'. आणि भाऊ तिला कायम चिकटलेला, म्हणून तो 'बूच'.

"बाटली आली, बाटली आली!"

"बूच कुठाय गं? उघडी फिरतेस, सांडशील!"

ती हसायची. शब्द तिला कळत नव्हते, आणि सगळे हसताहेत तर आपणही हसावं, असं तिला वाटत असावं. ते हसू मला बघवत नसे.

पहिल्यांदा ती भावाला घेऊन माझ्याजवळ आली तेव्हा अंगणात मावशींखेरीज कुणी नव्हतं. तिने माझी मूठ फिरवली. पाणी आलं. तिने बाटली भरली, बूच भरभरून प्यायला, बाटली पुन्हा भरली. मग ती मूठ बंद करून, उघडून, पुन्हा बंद करून बघू लागली. शेवटी तिने मावशींना हातवारे करून काहीतरी विचारलं. मावशींना काही केल्या उमगेना. तिने माझ्याकडे बोट दाखवलं, मग आकाशातल्या सूर्याकडे, मग पंजे उलटे केले.

"काय गं बाई? पाणी ना? आहे की! प्या!"

ती परत सूर्याकडे बोट दाखवी. आता माझ्या ध्यानात आलं. ती विचारत होती, पाणी जातं कधी? मावशींना कसं कळणार? त्यांच्या लेखी पाणी कधी जातच नव्हतं.

माझं ठिबकणं तर तिला सोसतच नसे. जाता-येता मूठ पिळायची, आपला सगळा जोर लावून, ओठ दाबून. चिंधी तिने स्वतः सोडली, धुतली आणि घट्ट बांधली. मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या गळ्याला कुणी हात लावला होता!

बसल्या जागी ऐकण्याखेरीज नळाला दुसरं काम नसतं. बहीणभाऊ कठड्यावर बसून बोलायची, त्यातून मला त्यांची बोली हळूहळू कळू लागली. आणि तेव्हाच समजलं की त्या पोरीच्या डोक्यावर केवढं ओझं आहे.

झालं होतं असं. बूच छोट्यांच्या वर्गात बसेना. छोट्यांचा वर्ग अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, बहिणीचा अलीकडे. तो सारखा उठून बाहेर यायचा, तिला शोधायचा, सापडली नाही की भिंतीला पाठ लावून थरथरत उभा राहायचा. रडायचा नाही. रडला असता तर बरं झालं असतं, कुणीतरी कडेवर घेतलं असतं. छोट्यांच्या बाई स्वभावाने चांगल्या, पण त्यांच्याकडे खोलीभर मुलं. त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या, "सारखं ह्याच्या मागे धावू की बाकीच्यांकडे बघू? एखादा दिवस फाटकाबाहेर गेला तर?" मोठ्या बाईंनी घरी निरोप धाडला: महिनाअखेरपर्यंत बघू. नाही रुळला, तर एक वर्ष घरी राहू दे.

घरी राहू दे! पण घरी होतं कोण? आईला कारखाना सोडावा लागला असता, आणि कारखान्यावर तर घर चालत होतं.

"तू बाहेर यायचं नाही," ती भावाला बजावायची. "मधल्या सुट्टीत मी येणारच आहे ना? मी येईपर्यंत बसायचं. कळलं?"

"तू कुठे असतेस?"

"इथेच. नळापाशी."

"मग मी आल्यावर दिसत का नाहीस?"

"येऊच नकोस म्हणतेय ना, गाढवा!" असं म्हणून ती त्याचे बूट काढून नीट घालायची. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उलटे.

मधल्या सुट्टीत तिला भावाजवळ बसून त्याला खाऊ घालायचं असे, आणि दोघांसाठी पाणीही भरायचं असे. सुट्टी तेवढीच, रांग एवढी. मग तिने तिच्या मते अगदी साधा, सरळ मार्ग काढला. रांगेत आली, आपल्या जागी बाटली उभी ठेवली आणि भावाकडे पळाली.

परतली तेव्हा बाटली कठड्याच्या कोपऱ्यात आडवी पडलेली. कुणाचा तरी पाय लागला होता. तिने ती उचलली, पुसली आणि रांगेकडे बघत राहिली. कुणालाच काही वाटत नव्हतं. ती शेवटी जाऊन उभी राहिली आणि तिचा नंबर यायच्या आत घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी तिने बाटलीला छोटासा दगड टेकवून ठेवला. त्या दिवशी मुलांनी बाटलीचा चेंडू केला. तिसऱ्या दिवशी मात्र इन्स्पेक्टरने ती पाहिली. रांगेच्या मधोमध एकटी बाटली, आजूबाजूला मालक नाही. त्याने इकडे तिकडे पाहिलं, "कुणाचीय?" असं दोनदा विचारलं, आणि नियमाप्रमाणे ती नेऊन पेटीत टाकली. त्याच्या मनात तिळमात्र खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगतो.

ती आली. बाटली नाही. तिने पायांमध्ये पाहिलं, कठड्यामागे पाहिलं. मुलं म्हणाली, "इन्स्पेक्टरने नेली, इन्स्पेक्टरने!" तो माझ्याजवळच उभा होता. तिने त्याच्याकडे हात पुढे केला. तो समजावू लागला, "अगं, पेटीत आहे. ऑफिसात. उभं राहायचं असतं, असं ठेवून जायचं नसतं." तिला एवढंच कळलं की ह्याने माझा नंबर रांगेतून उचलला. तिने दोन्ही हातांनी त्याला ढकललं. तो तोल जाऊन गर्रकन फिरला आणि त्याचं कपाळ येऊन माझ्या तोटीवर आपटलं.

तो आवाज अजून माझ्या अंगात घुमतो. लालभडक रक्त माझ्यावरून मोरीत गेलं. इन्स्पेक्टर खाली बसला. रांग मोडली, पोरं ओरडत सुटली. आणि ती? तिने झटकन माझी मूठ फिरवली, फ्रॉकचं टोक भिजवलं आणि त्याच्या कपाळावर दाबून धरलं. मावशी येऊन तिला ओढेपर्यंत तिने हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. अंगावर कारखान्याचा निळा डगला, हातांवर इस्त्रीचे जुने-नवे चटके. सोबत दोन्ही भाषा जाणणारी एक दुभाषी ताई होती. ऑफिसात बसायच्या ऐवजी आई म्हणाली, "झालं कुठे, ते मला दाखवा." म्हणून सगळी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मोठ्या बाई, आई, ताई, खाली मान घातलेली बाटली, आणि कपाळाला पट्टी लावलेला इन्स्पेक्टर.

आईने आधी आपल्या लेकीला फैलावर घेतलं.

"हेच शिकवलं मी तुला? कुणाच्या लेकराचं डोकं फोडायचं? त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू? आपल्याला इथे राहू दिलंय, शाळेत घेतलंय, आणि तू? तुला काही लाज? सांग ना, आता का दातखीळ बसली?"

हे बराच वेळ चाललं. ते संपल्यावर दुभाषी ताई मोठ्या बाईंना म्हणाली, "त्या म्हणतात, सॉरी."

आईने ताईकडे पाहिलं. "मी एवढं बोलले, त्याचं एवढंसंच झालं?"

ताई गोरीमोरी झाली. पलीकडे झाडत असलेल्या मावशी तिचा चेहरा बघून पदराआड हसल्या.

मग मुलगी हळूच बोलली. "आई, त्याने माझी बाटली रांगेतून काढली."

आई वळली. एकदम. तिने इन्स्पेक्टरकडे पाहिलं, पण रागाने नाही, गोंधळल्यासारखं. "का रे बाळा? का काढलीस?"

ताईने विचारलं. इन्स्पेक्टरचे कान लाल झाले. "मी चोरली नाही! बेवारस वस्तू पेटीत टाकायची असते. मोठ्या बाईंनीच सांगितलंय. आणि ही नव्हतीच तिथे!"

"बाटली होती ना?" आई म्हणाली.

"बाटली होती. पण ही नव्हती."

आईने कपाळाला हात लावला. मग ताईला म्हणाली, "आता मी सांगते ते सगळंच्या सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस." आणि ती मोठ्या बाईंकडे न बघता त्या मुलाकडे बघून बोलू लागली.

"आम्ही होतो तिथे पाण्याची गाडी यायची. कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं. सकाळी येईल, दुपारी येईल, एखादा दिवस येणारही नाही. माणूस किती उभं राहणार? जेवणाची रांग वेगळी, औषधाची वेगळी, तंबूत पोरं तापाने फणफणलेली. म्हणून माणसं जायची आणि डबे उभे राहायचे. गाडी आली की जो हजर असेल त्याने आपला डबा पुढे घ्यायचा आणि मागचाही पुढे सरकवायचा. मागचा कोण, कुठला, विचारायचं नाही. आमच्यात भांडणं झाली, झिंज्या ओढल्या, मीसुद्धा ओढल्या. पण दुसऱ्याचा डबा रांगेतून कुणी काढला नाही. एक म्हातारे गृहस्थ आजारी पडले, उठता येईना. त्यांचा डबा आम्ही सरकवत राहिलो, भरून त्यांच्या उशाशी ठेवत राहिलो. मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. मी डबा ओळखत होते."

ताईने ते सांगितलं. ह्या वेळी तिने खरंच काही गाळलं नाही. 

 मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाल्या, "मी समजू शकते. पण इथे एवढी मुलं आहेत. वस्तू ठेवून प्रत्येकजण निघून गेला तर रांग कुणी सांभाळायची? आणि ह्याचं कपाळ फुटलंय. ह्याच्या घरच्यांना मला उत्तर द्यायचंय. जखम भरेपर्यंत हिने मधल्या सुट्टीत वर्गातच बसायचं. बाहेर यायचं नाही."

ताईने हे सांगितल्यावर आईने मान हलवली. शिक्षा तिला कबूल होती. पण मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. इतके दिवस ती शाळेतल्या कुणाशी एक अक्षर बोलली नव्हती. आता ती तिच्या नव्हे, इथल्या भाषेत बोलली. एकच शब्द.

"छोटा?"

 मित्रांनो, काही प्रश्न असे असतात की विचारल्यावर मोठी माणसं घड्याळ बघू लागतात.

त्या दिवशी मी अंगणाच्या पलीकडच्या दारावरून नजर हलवली नाही. मधली सुट्टी झाली. रांग लागली. वर्गाच्या खिडकीच्या गजांना नाक दाबून बाटली उभी होती. तिची बाटली तिला परत मिळाली होती आणि गळ्यात होती, पण रिकामी. छोट्यांच्या बाईंनी डबे उघडून दिले, मुलं खाऊ लागली. आणि व्हायचं तेच झालं. बूच दारात आला.

त्याने दाराजवळच्या, दोघांच्या डबा खायच्या जागी पाहिलं. बहीण नव्हती. तो अंगण ओलांडून माझ्यापर्यंत आला. रांगेतला एकेक चेहरा पाहिला. नव्हती. इन्स्पेक्टर कपाळावर पट्टी मिरवत कठड्याशी उभा होता. बूच त्याच्याकडे बघत राहिला आणि तोही ह्याच्याकडे. खिडकीतून ती हाका मारत होती, "जा! आत जा!" पण अंगणात एवढा गलका, की तिचा आवाज कुणाला ऐकू येणार? मला दिसत होतं, पलीकडे छोट्यांच्या बाई दारात आल्या आहेत, कमरेवर हात ठेवून. आता ह्याने भिंतीला पाठ लावली की संपलं. महिनाअखेर फार लांब नव्हती.

बूचने भिंतीकडे पाहिलं. मग तो खाली बसला. मला वाटलं, झालं. पण तो बूट काढत होता. उजव्या पायातला डावा बूट. नाडी सुटेना, म्हणून त्याने तो तसाच ओढून काढला, रांगेच्या शेवटी नेला, सरळ ठेवला, नाक माझ्याकडे करून. क्षणभर त्याने बुटाकडे पाहिलं. बहीण नळापाशी असते, तिने सांगितलं होतं. ती आली की तिला बूट दिसेल. आपला नंबर लागलेला आहे. मग आपण कशाला उभं राहायचं?

आणि तो एका पायात बूट, एका पायात मोजा असा लंगडत, फटक-फुस, फटक-फुस, आपल्या वर्गाकडे गेला. दारातल्या बाईंच्या शेजारून आत शिरला आणि जागेवर जाऊन बसला.

रांगेत खसखस पिकली.

"ए बूच, बूट विसरलास!"

"इन्स्पेक्टर, बेवारस! टाक पेटीत!"

"वास येतो का बघ आधी!"

इन्स्पेक्टर बुटाजवळ आला. त्याने वाकून तो उचलला. खिडकीच्या गजांवरची तिची बोटं घट्ट झाली. तो एवढासा बूट हातात घेऊन तो उभा राहिला, आणि मला त्याच्या मनातली ओढाताण इथून दिसत होती. नियम त्याला पाठ होता. तो मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं.

तेवढ्यात रांग पुढे सरकली. बुटाच्या जागेपुढे मोकळी फट पडली. बुटामागे आता दोन वेण्यांची एक मुलगी येऊन थांबली होती. ती म्हणाली, "मी जाऊ का रे पुढे?"

"थांब," तो म्हणाला.

"का?"

 तो खाली वाकला, बूट जमिनीवर ठेवला आणि हाताने, अगदी काळजीपूर्वक, एक जागा पुढे सरकवला.

रांग थोडी हसली, थोडी गप्प झाली. पुन्हा फट पडली. त्याने पुन्हा सरकवला. तिसऱ्या वेळी तो दुसऱ्या टोकाला भांडण सोडवत होता, तर त्या दोन वेण्यांवालीने पायाच्या अंगठ्याने बुटाला हळूच ढोसलं. "नीट!" तो तिथून ओरडला. तिने वाकून नीट केला. करता करता तो बूट माझ्यासमोर आला.

"आता काय?" कुणीतरी विचारलं. "बुटात पाणी भरणार?"

सगळी पोरं फिदीफिदी हसली. इन्स्पेक्टरलाही हसू आलं, पण त्याने ते आवरलं. त्याने स्वतःची बाटली काढली, मूठ फिरवली, काठोकाठ भरली. मग मूठ घट्ट पिळली. एका हातात बूट, एका हातात पाणी घेऊन तो छोट्यांच्या वर्गाकडे निघाला. जाताना त्याने खिडकीकडे पाहिलं नाही. पण खिडकीतल्या मुलीने गजांवरचं नाक काढलं, खाली बसली, आणि इतक्या दिवसांनी तिने आपला डबा उघडून स्वतःसाठी निवांत पहिला घास घेतला.

दुपारी छोट्यांच्या बाई हात धुवायला आल्या, तेव्हा मावशींना सांगत होत्या, "एक पाय उघडा होता, पण बसला हो! घंटा होईपर्यंत बसला. काय जादू झाली कोण जाणे."

दुसऱ्या दिवशी बूट पुन्हा आला. त्याच्या पुढच्या दिवशीही. बूच बूट ठेवायचा आणि परत जायचा. जखम भरली, बहिणीची शिक्षा संपली, तरी तो वर्गात बसायला शिकला तो शिकलाच. आता ती बाटली रांगेत ठेवून त्याच्याकडे जाई आणि परत येईपर्यंत बाटली चार-पाच जागा पुढे आलेली असे. हळूहळू रांगेत आणखी काय काय दिसू लागलं. ज्याचा पाय मुरगळला होता त्याची टोपी. ज्याला बाईंनी गणित पुरं करायला थांबवलं होतं त्याची पट्टी. गंमत म्हणजे रांग मोडली नाही. उलट धक्काबुक्की कमी झाली. पुढच्या-मागच्याकडे लक्ष ठेवण्यातच पोरं गुंतून गेली.

महिनाअखेरीला मोठ्या बाई स्वतः पाहणी करायला आल्या. आधी छोट्यांच्या वर्गात डोकावल्या. बूच दुसऱ्या एका पोराच्या पाटीवर रेघोट्या मारत होता आणि ते पोर बोंबलत होतं. बाईंना मोठं समाधान वाटलेलं दिसलं. मग त्या इकडे आल्या. रांगेच्या मधोमध एक छोटा बूट उभा होता, पुढे-मागे मुलं. बाई थांबल्या.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

सगळी रांग इन्स्पेक्टरकडे बघू लागली. तो ताठ उभा राहिला. कपाळावर नवी गुलाबी खूण. त्याने शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

"नंबर आहे, बाई," तो म्हणाला.

मोठ्या बाई बुटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी छोट्यांच्या वर्गाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. रांग पुढे सरकली. बुटापुढे फट पडली, आणि बाईच सगळ्यांत जवळ उभ्या होत्या. त्यांनी साडी सावरली, गुडघ्यावर एक हात टेकवला आणि कण्हत कण्हत वाकल्या.

मित्रांनो, माझा वायसर बदला, चिंधी सोडा, मला पुन्हा लिंबाने घासा, असं मी तुमच्याकडे मागितलं असतं. मागायला हरकतही नव्हती, म्हातारा झालोय. पण एकच मागणं मागायचं ठरलं, तर ते हे मागीन. कुठल्याही रांगेत, कुठल्याही वर्गात, तुम्हाला एखाद्याची जागा रिकामी दिसेल. तिथे कुणाची बाटली असेल, टोपी असेल, किंवा तुम्हाला न येणारा एखादा शब्द असेल. ते कुणाचं, कुठलं, हे नंतर विचारा. आधी जरा वाका, आणि ते पुढे सरकवा.